आनंदाबाईच्या गादीचा कापूस

१

बोरगाव मेघेला एक घर होतं. त्या घरात एक अनुसया, तिचा लेक धर्मेंद्र, सून ज्योत्स्ना आणि नात मयुरी, अशी चार माणसं नांदत होती. लेकाचं नाचणगावला हार्डवेअरचं दुकान, सून अंगणवाडीत, आणि नात वर्ध्याच्या एका कॉलेजात शिकता शिकता मातीची भट्टी लावणारी. पाचवी होती अनुसयेची थोरली जाऊ, आनंदाबाई. ती मागच्या खोलीत होती. दोन वर्षांपूर्वी ती गेली, म्हणून चार.

ती अनुसया म्हणजे मीच. मला अक्षर येत नाही, पण कोणत्या सणाला कोणाच्या घरी कोणती भाजी होती तेही मला आठवतं.

माझी दुपार ठरलेली. जेवण झालं की ओसरीवर पाय पसरून बसायचं, सरकी काढलेला कापूस पुढे घ्यायचा, बोटाला राख लावायची आणि मांडीवर वाती वळायच्या. सात वर्षांची होते तेव्हापासून वळते. एके दिवशी मयुरी कॉलेजातून लवकर आली, शेजारी बसली आणि माझी एक वात उचलून भिंगाखाली धरून बघत राहिली.

"आजी, अशा पाचशे वाती वळून देशीन मले?"

"कोणत्या देवाले वं?"

"देवाले नाई. भट्टीले. मशीनच्या कापसात तंतू कसेही पडते. तुह्या वातीत सगळे एका रांगेत हायेत."

मग तिने सांगितलं. वाती औषधाच्या पाण्यात भिजवायच्या, वाळवायच्या, पाटावर मांडतात तशा एकीला एक लागून मांडायच्या आणि वारा लागू न देता भट्टीत भाजायच्या.

"कापूस जळून जाते, आजी. पन त्याच्या जागी तसाच, त्याच्याच आकाराचा चिनीमातीचा तंतू मांगं राह्यते. डोळ्याले दिसत नाई इतका बारीक."

"मंग कापूस कुठी जाते?"

"जाते. आकार राह्यते."

"अन् त्या आकाराचं तू लोणचं घालशीन?"

"तो लाटा पिते. मोबाईलच्या, टॉवरच्या, रडारच्या. समोरून आलेली लाट वापस जाऊ देत नाई. आत घेते अन् गरम होते, बस."

"पिते अन् गरम होते," मी म्हटलं, "तुह्या आजोबासारखं."

पोट्टी हसत हसत ओसरीवर आडवी झाली. राख बोटाला लावायची नाही, कोरड्या हाताने वळायचं, एवढी एकच अट तिने घातली. कोरड्या बोटाला कापूस सरकतो. मग मी जीभ लावायची आणि वळायची. हे तिला सांगितलं नाही.

२

पाचशे वाती गेल्या, हजार गेल्या. वाती एकमेकींना धरून सलग फरशी व्हायला पाहिजे होती, पण भट्टीतून निघायचे ते तुकडे. पापड हातात मोडावा तसे. मयुरी डब्यात भरून घरी आणायची, माझ्यासमोर ओतायची आणि बोटाने चाळत बसायची.

तिच्या सरांनी सांगून ठेवलं होतं: मार्चच्या आत एक तरी फरशी अखंड निघून तपासणीत पास झाली पाहिजे, नाहीतर भट्टी दुसऱ्याला आणि हिची चार वर्षं पाण्यात. इकडे धर्मेंद्रने हिंगणघाटचं एक स्थळ काढून ठेवलेलं. पोरगा चांगला होता, पण मयुरीला तो नको होता, भट्टी पाहिजे होती.

"पास झाली नाई ना आजी," ती एकदा भाकरी कुस्करत म्हणाली, "तं बाबा म्हनतीन तठी उभी राह्यतो मी. मंग काई बोलत नाई." तिने ताट तसंच सरकवलं.

दोष कशाचा ते तिला कळलं होतं. नव्या कापसाला वरून मेणासारखं काही असतं, म्हणे. औषधाचं पाणी आतपर्यंत मुरत नाही. जुना पाहिजे, देशी पाहिजे, वर्षानुवर्षं वापरात असलेला पाहिजे.

असा कापूस घरात होता. तो आहे हे फक्त मला माहीत होतं.

आमच्यात माणूस गेलं की त्याची गादी घरात ठेवत नाहीत, नाल्याकडे नेऊन टाकतात. आनंदाबाई गेली तेव्हा धर्मेंद्र गादी न्यायला निघाला होता. मी म्हटलं, राहू दे, मी पाहते. मागच्या अंगणात गादी उसवली. खोळ टाकली, वरचा काळा पडलेला थर टाकला, खालचा कापूस दोनदा सोड्याच्या पाण्यातून काढून गच्चीवर वाळवला आणि पोत्यात भरून पाण्याच्या टाकीमागे ठेवून दिला. आमच्या सासूच्या शेतातला देशी कापूस होता तो. तिने दोन्ही सुनांना एकेक गादी भरून दिली होती. टाकवला नाही.

तीन वर्षं आनंदाबाई त्या गादीवर होती. डाव्या कुशीवर, तोंड भिंतीकडे, उजवा गुडघा पोटाशी घेतलेला. दुसऱ्या कुशीवर तिला होता येत नव्हतं. डाव्या खुब्याला जखम पडली, ती भरली नाही. त्या खोलीला कडुनिंबाच्या तेलाचा, पुवाचा आणि आंबलेल्या भाताचा असा एकत्र वास यायचा. सकाळ-संध्याकाळ मी ताट न्यायची. उंबऱ्यात ठेवायची आणि पायाने आत सरकवायची. पदर नाकावर.

"अनुसया," ती भिंतीकडे बघत म्हणायची, "मले थंडी वाजते वं. जराशी जवळ बस."

"चुलीवर दूध हाय बाई," मी म्हणायची आणि दार ओढून घ्यायची.

धुणं-पुसणं ज्योत्स्ना करायची. मी नाही केलं. खोटं कशाला सांगू?

३

पोतं मी खाली आणलं तेव्हा घरात कोणी नव्हतं. कापूस पिवळट झाला होता, पण हाताला मऊ. कोरडा होता तोवर त्याला कसलाही वास नव्हता. पहिली वात वळायला घेतली, सवयीने बोट जिभेला लावलं, कापसाला लावलं आणि परत जिभेला नेलं.

कडुनिंब. आणि त्याच्यामागून ते दुसरं.

मी मोरीवर जाऊन थुंकले, चूळ भरली, मीठ चोळलं. मग मनाशी म्हटलं, दोनदा सोड्यात धुतलेला आहे, तुझ्या मनाचे खेळ आहेत. पोरीकडे एकच महिना उरला आहे. परत येऊन बसले. दीडशे वाती वळल्या. जीभ लावल्याशिवाय त्या वळत नव्हत्या, आणि प्रत्येक वेळी तोंडात ती चव थोडी घट्ट होत गेली, साय धरावी तशी.

"आजी, हा कापूस कुठला?" मयुरीने विचारलं.

"घरातलाच. जुना."

चार दिवसांनी ती चपला न काढता आत आली आणि माझ्या हातावर रुमालाची घडी ठेवली. आत फरशी होती. तळहाताएवढी, राखाडी, अखंड, आणि इतकी हलकी की हातात आहे असं वाटेना.

"निघाली वं आजी! एकसुद्धा तडा नाई! औषध पार आतपर्यंत मुरलं. मधात जराशी दबली, पन ते चालते."

मी खिडकीकडे तोंड करून पाहिलं. मध्ये दबली होती खरी. एक मोठा खड्डा, त्याच्या वर थोड्या अंतरावर एक लहान खड्डा, दोन्हींच्या मध्ये उंचवटा. खालच्या बाजूला एक चर, आणि त्याच्या आडवा वर आलेला दुसरा चर. उसवण्याआधी मी गादीकडे नीट पाहिलं होतं. खुबा, खांदा, मधली कंबर. खाली सरळ पाय, आणि पोटाशी घेतलेला गुडघा.

मयुरी ज्योत्स्नाला मिठी मारत होती. मी फरशी पाटावर ठेवली आणि हात धुतले. तीनदा धुतले.

४

मागच्या खोलीत मयुरीने एक जुना मायक्रोवेव्ह ओव्हन मांडला होता. कॉलेजच्या मोठ्या तपासणीआधी घरच्या घरी पाहायला. आत कपभर पाणी ठेवायचं, शेजारी फरशी ठेवायची आणि लावायचा. फरशी नसली की पाणी उकळायचं. फरशी असली की पाणी थंडच आणि फरशी गरम.

"हात लाव, आजी. भीती नाई."

मी हात लावला. तव्यासारखी ती गरम नव्हती. दोन दिवस ताप असलेल्या माणसाच्या पाठीसारखी गरम होती. तासाभराने लावला, तशीच. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी चिरता चिरता उठून गेले आणि लावला. तशीच.

चुलीच्या विटा सकाळपर्यंत कोमट राहतात, मी स्वतःला सांगितलं. तीही मातीच आहे.

त्या खोलीत फोन लागेनासा झाला. ते बरोबरच होतं, लाटा पिण्यासाठीच ती केली होती. पण जेवणाचं काय? ओव्हनच्या भिंतीपलीकडे आमचा ओटा. तिथे ठेवलेलं वरण पाच मिनिटांत गार व्हायचं, वर जाड साय धरायची, बोट लावलं की ती पदरासारखी ओढली जायची. फरशीखाली मयुरीने पांढरा कागद घातला होता. त्याला पिवळा डाग पडला. भट्टीतून भाजून निघालेल्या मातीला ओल कुठून येते?

"आई," ज्योत्स्ना मला म्हणाली, "मांगच्या खोलीत उंदीर मेला काय वं? सगळं फिनाईलनं पुसलं, काई सापडून नाई राह्यलं."

"असन एखादा भिंतीत."

"भिंतीत कसा जाईन? घर काय मातीचं हाय?" तिने नाकाला पदर लावला. माझ्यासारखाच, डाव्या हाताने. मला तिचा राग आला.

एकदा जेवताना माझ्या जिभेवर केसासारखं काही आलं. चिमटीत धरून ओढलं. ते यायला लागलं. राखाडी, बारीक, थुंकीने भिजलेलं. ओढत गेले तसं आतून येत गेलं, घशातून, जिथून उलटी येते तिथून. हातभर तरी निघालं असेल. धर्मेंद्र समोर जेवत होता, म्हणून मी ते मुकाट्याने ताटाखाली दाबलं. ताट उचललं तेव्हा तिथे काही नव्हतं, नुसता ओलसर वळ होता.

त्या दिवसापासून मी त्या घरात पोटभर जेवले नाही.

५

फरशा निघत राहिल्या. लहान, मोठ्या, एक तर रुपयाच्या नाण्याएवढी. प्रत्येकीत तीच निजलेली. मयुरीने पट्टी लावून मापं घेतली आणि खूश झाली.

"दरवेळी सारखीच दबते, आजी. म्हंजे यात नियम हाय. सरांना नियम आवडते."

शेवटच्या तपासणीला दोन दिवस होते. दुपारी मला तिचा फोन आला. मी ओसरीवर होते.

"आजी, ओव्हनमंधात फरशी ठेवून आली मी. पाच मिनिटं लाव. मंग पान्यात बोट घालून सांगजो मले, गरम का थंड. एवढंच काम कर."

एवढंच काम. मी मागच्या खोलीत गेले. खिडकीतून ऊन येत होतं, बाहेर शेजारणीच्या वाळवणावर चिमण्या उतरल्या होत्या. मी ओव्हनचा खटका फिरवला. आतला पिवळा दिवा लागला, ताटली फिरायला लागली, कपही फिरायला लागला आणि फरशीही.

काचेतून मी पाहत राहिले. ताटली फिरते तशी ती एकदा भिंतीकडे तोंड करायची, एकदा माझ्याकडे. फिरणाऱ्या ताटलीवर असंच होणार. मला भीती वाटली नाही. चीड आली. म्हटलं, बघू किती फिरतेस ते, आणि खटका मागे ओढला.

टिंग झालं. ताटली थांबली. दिवा विझला नाही.

फरशी भिंतीकडे तोंड करून थांबली होती. आणि मग खुब्याचा खड्डा हळूहळू वर आला. भरला. उशी सोडली की ती भरते तसा. पलीकडच्या अंगाला मातीत दुसरा खड्डा पडायला लागला. खांद्याचा. मग खुब्याचा. चर पुसला गेला, दुसरा उमटला, गुडघा इकडे वळला. आवाज आला, अगदी लहान, नवारीची खाट करकरते तसा. तीन वर्षांत जी एकदाही या कुशीवर झाली नाही, ती झाली. आता तिचं तोंड काचेच्या दाराकडे होतं.

दाराशी मी होते.

"बाई," मी म्हटलं, "मी हाय."

आणि तेवढं म्हणतानाही माझा डावा हात पदर घेऊन नाकावर गेलेला होता.

फोन ओसरीवर वाजत होता. मी कपातल्या पाण्यात बोट घातलं. बर्फासारखं होतं. तसं जाऊन सांगितलं.

६

तपासणीत फरशी पास झाली. नुसती पास नाही. आलेल्या लाटेतलं काहीच तिने परत जाऊ दिलं नाही, असं सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. पुण्याची एक कंपनी तिथे आलेली होती, त्यांनी मयुरीला बाजूला बोलावून घेतलं. संध्याकाळी घरात पेढे आले, हिंगणघाटला नकार गेला.

मी मयुरीला ओसरीवर बसवलं. मला वाटत होतं, ही ऐकेल, शिसारी येईल हिला, सगळ्या फरशा फोडून नाल्यात टाकेल, आणि त्या खोलीचं दार पुन्हा ओढून घेता येईल.

"तो कापूस मोठ्या आजीच्या गादीतला होता, माय. मी टाकला नव्हता."

आपली बोटं तिने नाकाशी नेली, हुंगली.

"धुतला होता?"

"दोनदा. सोड्यात."

"अन् ती किती वर्षं होती त्याच्यावर?"

"तीन."

"तीन वर्षांचा घाम," ती म्हणाली. माझ्याशी नाही, स्वतःशी. "मीठ, तेल, चरबी. म्हनून मुरते." तिने फोन काढून त्यात काही लिहून घेतलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पोत्यात किती उरला?"

"संपला."

"मंग आजी, अशी गादी आनखी कोनाकडं असन? कोनी लय दिवस पडून होतं, अन् घरच्यांनी अजून टाकली नाई, असं? तुले तं सगळ्यांचं आठवते."

मला तिच्या तोंडाकडे पाहवलं नाही. तरी तिचा हात माझ्या गुडघ्यावर तसाच होता.

मला सगळ्यांचं आठवत होतं. मी सांगितलं.

७

नाचणगावच्या नागसेनची आई पाच वर्षं अंथरुणावर होती. बोरगावातलेच अण्णाजी मास्तर सात. धर्मेंद्र गाडी घेऊन गेला, दारात नवीकोरी गादी उतरवली आणि म्हणाला, जुनी आम्ही नेतो. माणसं हात जोडायची. जी वस्तू घरात ठेवता येत नाही आणि टाकायला जीव होत नाही, ती कोणी आपणहून नेतं आहे, वर नवी देतं आहे!

आता वर्ध्याच्या बाहेर मयुरीची स्वतःची शेड आहे. गावातली मोनाली आणि आणखी आठ जणी तिथे वाती वळतात. जिभेला बोट लावलेलं चालतं, मयुरीनेच सांगितलं आहे. प्रत्येक घरच्या फरशा वेगळ्या कप्प्यात. अण्णाजींच्या उताण्या दबतात, हात छातीवर. नागसेनच्या आईच्या पालथ्या. कप्प्यांच्या त्या खोलीत थंडीतही पंखा लावावा लागतो. धर्मेंद्रने दुकान बंद केलं. ज्योत्स्नाने नोकरी सोडली, ती आता पदर नाकाला लावत नाही, तिला वास येतच नाही म्हणते. मयुरीने स्वतःच्या पसंतीचा नवरा केला, धीरज नावाचा, पुण्याच्या कंपनीतला. तो सासुरवाडीत येऊन राहिला. असा जावई कोणाला मिळतो?

पोळ्यापासून माझे पाय गेले. मयुरीने माझ्यासाठी गादी भरून घेतली, बारा किलो देशी कापसाची. समोर बसून सरकी काढवली, एक गाठ राहू दिली नाही. मला मागच्या खोलीत हलवलं, तिथे ऊब असते म्हणून. रोज कितीही काम असो, ती येते. उंबऱ्यात थांबत नाही. अंथरुणावर बसते, माझ्या पाठीवर हात फिरवते. ज्योत्स्नाला सांगून ठेवलं आहे, आजीची चादर बदलायची, गादी उन्हात टाकायची नाही.

शेजारणी दारातून डोकावतात. म्हणतात, अनुसयाबाई, मागच्या जन्मी काय दान केलं होतं तुम्ही? घर भरलं, पैसा आला, आणि एवढी जीव लावणारी नात.

खरंच आहे. भाग्य उशिरा आलं, पण आमच्याकडे आलं. आत्ताही ती बसलेली आहे. माझ्या मानेखाली हात घालून पाहते आहे.

"घाम येते ना, आजी?"

"येते, माय."

"बस मंग," ती म्हणते आणि पांघरूण सारखं करते. "अशीच डाव्या कुशीवर राह्यजो. हलू नको."